फितुरी केव्हा झाली?

आमचे घर सोलापुरात उत्तर कसब्यात. रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे सारी मंडळी माजघरात जमावी आणि कोणीतरी काहीतरी मोठ्याने वाचावे, असा प्रघात माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. दूरचित्रवाणीने त्यास बरेच ग्रहण लावले. तथापि चातुर्मासात तरी तो अद्याप पाळला जातो. यंदा कै. हरि नारायण आपटे यांची ‘वज्राघात’ वाचावयास घेतली. ती हरिभाऊंच्या अखेरच्या कादंबऱ्यांपैकी एक. विजयानगरचा रामराजा, तारुण्यात त्याने जिच्यावर प्रेम केले व जिला तो अंतरला ती मेहेरजान, आणि त्या दोघांचा पुत्र रणमस्तखान, ही पात्रे वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असतील. राजाचा जुना अपराध त्याच्याच पुत्राच्या रूपाने त्याच्यावर उलटतो आणि साम्राज्य लयास जाते. वाचता वाचता सूनबाईंनी दोनदा पदर डोळ्यांना लावला.

माझी नात मात्र निराळ्याच विचारात होती. ती नववीत आहे. पुस्तक मिटताच ती म्हणाली, “आजोबा, हे सगळे खरे धरले, तर फितुरी नेमकी झाली केव्हा? लढाईच्या दिवशी, की आधीच?”

मी “उद्या सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. मी संस्कृतचा मास्तर. इतिहासाचा तास मजकडे केवळ माणूस कमी म्हणून येई. तरी तो मी पुष्कळ वर्षे घेतला आणि विजयानगर कसे बुडाले हे शिकविताना रणमस्तखानाची गोष्ट हटकून रंगवून सांगितली. एका सहामाहीस एका मुलाने लिहिले होते की, रामराजा शाह्यांना एकमेकींशी झुंजवीत राहिला आणि शेवटी त्या एक झाल्या, म्हणून तो बुडाला. मी त्याच्या उत्तरावर “फितुरीचा उल्लेख नाही” असा तांबडा शेरा मारून अर्धे गुण कापले होते. तो शेरा त्या रात्री मला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी नातीस घेऊन पाटी पुढे ओढली व वर्षे लिहावयास बसलो. लढाई झाली २३ जानेवारी १५६५ रोजी. तिला आपण तालिकोटची म्हणतो, राक्षसतागडीचीही म्हणतात. रामराजा पकडला गेला आणि हुसेन निजामशहाच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद झाला, एवढे निर्विवाद. फितुरीचे काय? सीझर फ्रेडरिक नावाचा व्हेनिसचा व्यापारी १५६७ साली, म्हणजे दोनच वर्षांनी, विजयानगरात आला व सात महिने राहिला. तो लिहितो की, रामराजाच्या पदरचे दोन मुसलमान सरदार ऐन लढाईत उलटले, म्हणून चार तासही न लागता सारे संपले. उलट फेरिस्ता विजापूरच्या दरबारात पुढे १५८९ च्या सुमारास आला. त्याच्या विस्तृत वर्णनात ह्या दोघांचा मागमूस नाही. आता कोणाचे मानावे? फ्रेडरिक काळाने जवळचा खरा, पण त्याने ऐकले ते उद्ध्वस्त नगरीतील हरलेल्यांच्या तोंडून; आणि हरलेला मनुष्य फितुरीचे नाव आधी घेतो. फेरिस्ता जेत्याच्या घरचा, आणि जेता आपला विजय विकत घेतलेला होता असे का लिहू देईल? मला तर दोघांचीही साक्ष पुरती पटत नाही. हरिभाऊंचा रणमस्तखान ह्या दोघांच्याही पलीकडचा, केवळ कल्पनेचा.

परंतु पाटीवर वर्षे मागे मागे लिहीत गेलो तो निराळेच दिसू लागले. रामराजावर चालून आलेल्या चार सुलतानांपैकी दोघे त्याच्या घरचे मीठ खाल्लेले! गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा गादीवर येण्यापूर्वी भावाच्या भीतीने पळून सुमारे सात वर्षे विजयानगरच्या आश्रयास होता. विजापूरचा अली आदिलशहा १५५८ च्या सुमारास गादीवर आला आणि रामराजाचा मुलगा वारला तेव्हा मोजक्या स्वारांनिशी समाचारास विजयानगरास गेला. राणीने त्यास पुत्र मानले. निघतेवेळी मात्र रामराजा त्याला पोचवावयास गेला नाही, आणि तो सल अलीच्या मनात राहिला, असे फेरिस्ता सांगतो. (पाहुण्यास वेशीपर्यंत पोचवावे, हे आमच्या आजीस कोणी इतिहासातून शिकविले नव्हते.)

अलीला हवे तरी काय होते? हे लिहिताना माझाच हात थबकला. त्याला हवे होते आमचे सोलापूर! हा किल्ला निजामशाहीकडे गेलेला होता. तो व कल्याणी परत मिळावी म्हणून त्याने रामराजाची मदत मागितली आणि दोघे मिळून अहमदनगरवर चालूनही गेले. त्यात कल्याणी मिळाली, सोलापूर राहिले. ते मिळाले १५६४ च्या सुमारास, तेही लढून नव्हे. हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबिबी अलीस दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. अलीची बहीण हुसेनच्या मुलास दिली. हितोपदेशात संधीचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला कन्या देऊन होणारा तो संतानसंधि मी मुलांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतला. पण त्याचे उदाहरण सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभे आहे, हे माझ्या ध्यानी आले नव्हते. पुढे १५९५ साली मोगलांपासून अहमदनगर राखणारी चांदबिबी ती हीच. लग्नाच्या वेळी ती असेल चौदा वर्षांची. नात म्हणाली, “म्हणजे माझ्याएवढी!” आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही.

मग तिनेच पाटीवर रेघ ओढली. “फितुरी झालीच असेल, तर ती ह्या लग्नात झाली. लढाईत कोणी उलटले असेल-नसेल.” मी म्हणालो, “अलीची म्हणशील तर हो. पण रामराजानेही वीस वर्षे ह्याला त्याच्यावर आणि त्याला ह्याच्यावर घातले, ते कोणत्या रकान्यात लिहायचे?” त्यावर तिचे-माझे एकमत झाले नाही, अजून झालेले नाही. मला आपले वाटते की, भेदावर जगणाऱ्याने मैत्री मोडली म्हणून रडू नये. ती म्हणते, राणीने मुलगा मानले होते त्याचे काय?

संध्याकाळी आम्ही किल्ल्यावर फिरावयास गेलो. परत आल्यावर पाहतो तो ‘वज्राघाता’च्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले: “१५६४, सोलापूर.” ग्रंथावर काही लिहू नये अशी आमच्या घरची सक्त शिस्त आहे. मी रबर हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.