घर ते कामाची वाट : पेण-रोह्याहून दोन पत्रे

पेण
सोमवार

चि. अनघास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राचे उत्तर मुद्दाम पेणहून लिहितो आहे. मेलबर्नच्या टार्नीटसारख्या उपनगरात घर आवाक्यात येते, पण नोकरीच्या ठिकाणी पोचेपर्यंत अर्धा जीव जातो. मुख्य शहराजवळ राहावे तर पगाराचा मोठा वाटा भाड्यात जातो. आणि पुढारी मात्र घरांचे आकडेच सांगत राहतात, अशी तुझी तक्रार. ती रास्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने जुलै २०२४ पासूनच्या पाच वर्षांत बारा लाख घरांचे उद्दिष्ट जाहीर केले. तुम्ही मंडळी त्या बारा लाखांवर वेगळा वाद घालता, रेल्वेवर वेगळा, पगारावर वेगळा आणि मतदानावर आणखी वेगळा. पेण-रोह्याचा पट्टा पाहताना माझी खात्री पटली आहे की हे चारही एकाच प्रश्नाचे पदर आहेत. घराची खरी किंमत घर ते काम या वाटेवर मोजायची असते. ती वाट किती लांबीची, किती खर्चाची आणि किती वेळाची, हे आधी ठरावे; घरे त्यानंतर उठावीत; आणि हा क्रम ठरवताना त्या जमिनीवर राहणाऱ्यांना सुरुवातीलाच विचारले जावे. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

पेणला हे चटकन ध्यानात येते, कारण इथे पुष्कळ कुटुंबांत घर आणि काम यांच्यामध्ये वाटच नसते. गणपतीच्या मूर्ती पेण शहरात, तशाच हमरापूर, जोहे या गावांतही घरोघरी तयार होतात. पडवीत एका अंगाला साचे रचलेले, दुसऱ्या अंगाला सुकत ठेवलेल्या पांढऱ्या मूर्ती. साच्यात प्लास्टर भरताना आत काथ्या घालतात, त्याने मूर्तीला बळ येते. मग सांधे भरायचे, पॉलिश पेपरने घासायचे, अंगाचा रंग द्यायचा, सोवळ्याचा आणि दागिन्यांचा द्यायचा, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीचा हात सर्वांत मोलाचा. यातली बरीच कामे घरातल्या बायका स्वयंपाकपाणी आटपून करतात, आणि कारखाना घरालाच लागून आहे म्हणून ती मजुरी त्यांना मिळते. अशा कुटुंबाला नव्या शहरात दहाव्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या, तर सरकारी हिशेबात एक घर वाढेल आणि घरातला रोजगार बुडेल. प्लास्टरच्या मूर्तींनी पाणी बिघडते, हा वाद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून उच्च न्यायालयापर्यंत पोचला. पाणी जपलेच पाहिजे, यात दुमत नाही. पण शाडूकडे वळायचे तर मूर्ती सुकायला जास्त दिवस आणि म्हणून जास्त जागा लागते, म्हणजे तोही प्रश्न फिरून जागेवरच येतो.

आता क्रमाचे बघ. शिवडी ते न्हावा-शेवा या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च २०२४ मध्ये, उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नव नगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले गेले. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. पुलापाठोपाठ शहराचा नकाशा आला. पण पेणच्या माणसाची रोजची वाट कुठे आहे? मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ रखडले. या तालुक्यातल्या दोन पिढ्यांना वडखळ नाका म्हटले की वाहतूककोंडीच आठवते. रेल्वे दारावरून जाते, पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या पेणला थांबत नाहीत आणि मुंबईची लोकल पनवेलला संपते. मुंबईहून कोणी पेणला राहायला येईल याची सोय आधी झाली. पेणचा माणूस पेणहून कामाला कसा जाईल हे अजून झालेले नाही. तुझ्या टार्नीटलाही हेच घडले. घरे आधी उठली, स्टेशन जून २०१५ मध्ये आले, आणि आले ते शहरी विद्युत लोकलचे नव्हे, तर व्ही-लाइन या प्रादेशिक रेल्वेच्या डिझेल गाड्यांचे.

तू म्हणशील, लोकांना विचारत बसले तर कोणतेही गाव हो म्हणणार नाही. या आक्षेपाला पेणनेच उत्तर दिले आहे. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, इथली जमीन घेण्याचे ठरले तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले. बहुसंख्य शेतकऱ्यांनी नको म्हणून कौल दिला आणि पुढे ते भूसंपादन बारगळले. मात्र हा नकार विकासाला नव्हता. त्यांचे म्हणणे होते की धरण आमच्या शेतीसाठी बांधले, त्याचे पाणी आधी आमच्या शेताला द्या. हेटवण्याचे पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईच्या वसाहतींना पोचते आणि पेणच्याच खारेपाटातली वाशी, शिर्की, वढाव ही गावे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावून बसतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. ज्या माणसाला नळाचे पाणी मिळाले नाही, त्याला तू विकासविरोधी कसा म्हणशील?

तुझ्या बाजूने एक आक्षेप मात्र वजनदार आहे. मेलबर्न आणि सिडनीत स्टेशनांलगतच्या जुन्या वस्त्यांतल्या रहिवाशांनीच उंच इमारतींना विरोध करून तरुणांना शहराबाहेर ढकलले, मग स्थानिकांचे ऐकायचे कशाला? इथे दोन विरोधांत फरक केला पाहिजे. एकाला आपल्या खिडकीतला देखावा आणि घराचा चढता भाव जपायचा आहे. दुसऱ्याचे भाताचे खाचर, म्हणजे पोटच, जाणार आहे. पहिल्याचे ऐकून घ्यावे, पण त्याला नकाराधिकार देऊ नये. दुसऱ्याच्या संमतीशिवाय पाऊल उचलू नये. आपल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी बाधितांपैकी ८० टक्क्यांची संमती आवश्यक ठरवली, ती याच न्यायाने. पेणच्या शेतकऱ्यांनी तो न्याय कायद्याच्या पाच वर्षे आधी मागितला होता.

पुढचे रोह्याहून लिहीन. सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
काका

रोहा
गुरुवार

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

पेणच्या पत्रात घर आणि वाट यांवर लिहिले. रोह्याहून कामाबद्दल आणि मताबद्दल लिहितो. आपटा ते रोहा रेल्वे १९८६ मध्ये सुरू झाली. कोकण रेल्वेची पायाभरणी १५ सप्टेंबर १९९० ला याच रोह्यात झाली आणि २६ जानेवारी १९९८ ला ती पुरी झाली. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते. एवढ्या महत्त्वाच्या सांध्यावर असलेल्या गावाला दिवा स्थानकाकडे नेणाऱ्या पॅसेंजर गाड्या मात्र मोजक्याच. एक गाडी चुकली की कामाचा दिवस बुडतो. गाडीच्या वेळापत्रकाला मी कामगार कायद्याइतकेच महत्त्व देतो, कारण ज्या मुलीला रोह्याहून पनवेलला जाऊन संध्याकाळी उजेडात परतता येत नाही, तिच्यासाठी पनवेलची नोकरी कागदावरच राहते. तू सांगतेस की व्हिक्टोरियात मार्च २०२३ पासून दूरच्या व्ही-लाइन प्रवासालाही शहराइतकीच भाड्याची मर्यादा लागू झाली. ते चांगले झाले. पण आपल्याकडे पॅसेंजरचे भाडे मुळातच कमी आहे. इथली उणीव फेऱ्यांची आहे, आणि फेरीच नसेल तर स्वस्त तिकीट काय उपयोगाचे?

कोणी म्हणेल, रोह्याच्या माणसाने पनवेलला जायचेच कशाला, काम तर दाराशी आहे. धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, नागोठण्याला पेट्रोकेमिकल संकुल आहे, पलीकडे पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना ५० लाख टनांवरून एक कोटी टन क्षमतेवर गेला आहे. दिसायला हे उत्तर भरभक्कम आहे. पण जमीन आणि नदी गावाची गेली आणि पक्की नोकरी फारच थोड्यांना मिळाली, हीच या साऱ्या पट्ट्याची जुनी तक्रार आहे. बाकीचे ठेकेदाराकडे. तोच प्लांट, तीच पाळी, तोच वास, पण हजेरीपट वेगळा आणि पगारही वेगळा. धाटावचे सांडपाणी कुंडलिकेच्या खाडीत जाते, तेव्हा मासेमारीवर जगणाऱ्याचे कामही त्याच खात्यात धरले पाहिजे. नवे काम मोजताना बुडालेले काम वजा करायला हवे.

यावर तू म्हणशील, ऑस्ट्रेलियाशी तुलना करू नकोस. तो श्रीमंत देश, माणसे कमी, तिथे किमान वेतन परवडते. आकड्यांची तुलना मी करतच नाही. तत्त्वाची करतो. तिथल्या सुधारित कायद्यानुसार नोव्हेंबर २०२४ पासून, कामगार पुरवठादाराकडून आलेल्या माणसालाही, तिथल्या श्रम आयोगाचा आदेश झाला की, तो जिथे राबतो त्या कंपनीतल्या कामगाराइतका पगार द्यावा लागतो. आपल्याकडे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा झाला आणि त्याखालच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत समान किंवा तशाच कामाला समान वेतन ही अट लिहिली गेली. म्हणजे हा विचार आपण अर्ध्या शतकाहून अधिक काळापूर्वी केला होता. नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत; रोह्याच्या कामगाराने त्यांची परीक्षा याच एका कसोटीवर घ्यावी. पैसा नाही म्हणून हे तत्त्व अडलेले नाही. ठेकेदाराच्या माणसामागे उभे राहणारे मत एकवटत नाही, म्हणून अडले आहे.

शेवटी मताकडेच यावे लागते. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून संसदेच्या निवडणुकीत मतदान सक्तीचे आहे, म्हणून भाड्याच्या घरातल्या तरुणाला कोणताही पक्ष अगदी विसरू शकत नाही. आपल्याकडे सक्ती नाही, पण या जिल्ह्याचा वारसा कमी तोलाचा नाही. अलिबागजवळच्या चरीत १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायचे नाकारले आणि खोतशाही हादरवली. ज्यांचे बालपण रोह्यात गेले, त्या चिंतामणराव देशमुखांनी १९५२ मध्ये याच जिल्ह्यातल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक जिंकली आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न करताच जाहीर झाला, हाही त्यांचा आक्षेप होता. निर्णय काय झाला याइतकेच तो कसा झाला हे महत्त्वाचे, असे मानणारा खासदार या मातीने दिला आहे. तिसऱ्या मुंबईच्या अधिसूचनेवर गावांनी हजारो हरकती नोंदवल्या, त्या याच परंपरेतल्या आहेत. पण हरकत ही अधिसूचना निघाल्यावर घ्यायची असते. या गावांचा हक्क त्याआधीचा आहे: आराखडा आखण्यापूर्वी ग्रामसभेत बसून पाणी, गाडी, काम आणि मग घर, या क्रमाने बोलण्याचा.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाला आहे, तोवर दलाल जमिनी घेऊन मोकळे होतील. दलाल धावतात ते आराखडा गुप्त असतो म्हणून. कुठे स्टेशन येणार, कुठे शाळा, मूर्तिकारांच्या पडव्यांना आणि खाचरांना कुठे हात लागणार नाही, हे गावासमोर उघड झाले की अर्धवट माहितीवर चालणारा धंदा आपोआप मंदावतो. रखडलेल्या महामार्गाने वर्षेच्या वर्षे खाल्ली, त्यापुढे ग्रामसभेचे काही महिने काहीच नाहीत.

म्हणून पुढच्या निवडणुकीत तुझ्या दाराशी उमेदवार आला की त्याला किती घरे बांधणार, हे विचारू नकोस. त्या घरांतून कामावर जाणारी पहिली गाडी कोणत्या वर्षी सुटेल, आणि ती सुटेपर्यंत नवी घरे विकायला परवानगी देणार का, हे विचार. इथे पेण-रोह्यातल्या मतदारांनीही हाच प्रश्न विचारावा, असे मला मनापासून वाटते. उत्तर लेखी मागावे, आणि पाच वर्षांनी ते पुन्हा त्याच्यासमोर ठेवावे.

घरी सर्वांना आशीर्वाद. प्रकृतीस जप.

तुझा,
काका