उत्तरायुष्याचा मुक्काम : बारामती, इंदापूर की अमेरिका?

कऱ्हाकाठच्या बारामतीला बाहेरून येऊन कायमचे स्थिरावलेल्या माणसांचे नवल नाही. कविवर्य मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते येथे आले आणि 1794 मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. गुजरात-राजस्थानातून आलेल्या जैन व्यापारी घराण्यांची कथाही फार निराळी नाही. कोणा पूर्वजाने कापडाचे वा भुसाराचे दुकान थाटले, मंदिर उभे राहिले आणि गाव आपले झाले. त्याच पेढ्यांवर आयुष्य वेचलेली, सत्तरीकडे झुकलेली दांपत्ये आता न्यू जर्सीतल्या मुलाकडे कायमचे जावे काय, या विचारात दिसतात.

बारामतीहून इंदापूर तालुक्यात शिरताना नीरा डाव्या कालव्यावर पोसलेला ऊस दोन्ही अंगांनी दिसू लागतो. याच पट्ट्यात कळंबजवळ वालचंदनगर आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी माळरानावर शेती, साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. 1949 मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. अखेरचा काळ मात्र त्यांनी गुजरातेतील सिद्धपूर येथे, पत्नी कस्तुरबाई यांच्या शुश्रूषेत घालविला. 8 एप्रिल 1953 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. स्वतःच्या नावाचे गाव वसविणाऱ्याचाही शेवटचा मुक्काम दुसरीकडेच पडला.

सिद्धपुरास जाण्यासाठी कोणाची अनुमती लागत नव्हती. अमेरिकेचे तसे नाही. मुलगा तेथील नागरिक असेल, तर आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळू शकते. पण ते कार्ड तेथे राहणाऱ्यांसाठी आहे. पूर्वपरवाना न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर काढल्यास ते गमावण्याची वेळ येते. ‘सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे’ हा घरोघरी ठरणारा बेत म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही. सरकारी आरोग्य विमा, म्हणजे मेडिकेअर, तेथे कधी नोकरी न केलेल्या वृद्धांना साधारणतः सलग 5 वर्षांच्या वास्तव्यानंतरच आणि हप्ता भरूनच घेता येतो. तोवर खासगी विम्याचा भार कोणी उचलायचा, हे मुलाशी संकोच न करता आधीच बोललेले बरे. व्यापारात पै-पैचा हिशेब मांडणारी माणसे या एका हिशेबाशी मात्र अडखळतात.

धर्माचरणाचा प्रश्न याहून नाजूक. परदेशात मंदिरे नाहीत असे नव्हे. आचार्य सुशीलकुमारजींनी 1983 मध्ये न्यू जर्सीत सिद्धाचलम् स्थापिले, आणि अनेक केंद्रांत श्वेतांबर व दिगंबर एकाच छताखाली पूजा करतात, हे तर आपल्याकडेही क्वचितच दिसते. तथापि तेथे डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या सासू-सासऱ्यांचे जेवण मुलगा-सून कामावरून परतण्यापूर्वीच उरकलेले असते. ज्यांच्या सहवासासाठी समुद्र ओलांडला, त्यांच्या पंक्तीला बसणे हिवाळाभर शनिवार-रविवारीच घडते. मंदिरही मोटारीच्या अंतरावर. कोणी नेले तर दर्शन. वाहन न वापरणारे साधू-साध्वी तेथे पोहोचू शकत नाहीत. तेरापंथाच्या समण-समणी जातात, पण आहारदानासाठी दारी उभे राहण्याची आणि चातुर्मासातील रोजच्या प्रवचनाची सवय असलेल्यांना ही उणीव जाणवतेच. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. त्यांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या पिढीला अंतसमयी गुरूंचे सान्निध्य कोठे मिळेल, ही चिंता बोलून दाखविणे जड जाते. मुलांसमोर तर अधिकच.

इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा जलाशय पसरला आहे. भीमेवरील धरणामुळे जुने पळसदेव पाण्याखाली गेले. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील प्राचीन मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला होड्यांतून जातात. त्या गावकऱ्यांना परतीची वाट उरली नव्हती. स्वेच्छेने निघणाऱ्यांनी ती स्वतःच्या हाताने का बुडवावी? अनिवासी झाल्यावर जुनी वा वारसाहक्काची शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. म्हणजे कालव्याकाठची चार एकर घाईने विकली, तर परदेशात असेतो तशी पुन्हा घेता येणार नाही. बँकेतील साधी खाती अनिवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात; त्यासाठी सनदी लेखापालाचा सल्ला निघण्यापूर्वी घ्यावा, नंतर नव्हे.

काही कुटुंबे आता आधी पर्यटक म्हणून जातात, आणि तेही उन्हाळ्यात नातवंडांच्या सुट्टीत नव्हे, तर दिवाळीनंतर. बर्फातला एक हिवाळा तेथे काढतात, सामायिक-प्रतिक्रमण कितपत सांभाळता येते ते पाहतात. तोवर बारामतीच्या घराची किल्ली शेजारी असते आणि दुकानाच्या जागेचा सौदा थांबलेला असतो.