परसातील खोप

पनवेल तालुक्यातील कोन या गावी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील वाहनांचा घोष रात्रंदिवस कानी येतो. त्याच गावातील एका घराच्या परसात एक जुनी खोप अद्याप उभी आहे. लांबी आठ हात, रुंदी सहा हात. कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या. माथ्यावर पूर्वी कौले होती, आता पत्रे आहेत. एवढ्याशा जागेत एका कुटुंबाची पावसाळ्याची सारी बेगमी मावते, हे पाहुण्यांना सांगूनही खरे वाटत नाही.

रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा चारच महिन्यांत. म्हणून मृगापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, त्या घरचे आजोबा खोप आवरावयास काढीत. या कामी त्यांची बारा वर्षांची नात त्यांच्या हाताखाली असे. पहिला नियम असा की, खोप आधी पूर्ण रिकामी करावयाची. सारे सामान अंगणात उन्हात मांडले, म्हणजे कोणती वस्तू वर्षभर हाताळलीच गेली नाही, हे आपोआप कळे.

मग मांडणी सुरू होई. जमिनीची ओल वर चढते, म्हणून खाली दगड आणि त्यांवर फळ्या. फळ्यांवर बियाण्याच्या भाताचे पोते. तेही भिंतीपासून वीतभर दूर, कारण भिंतीला टेकलेले पोते ओल तर धरतेच, शिवाय वाळवीलाही वाट करून देते. टोपल्या, सुपे, घमेली एकात एक. लांब वस्तू कधी उभ्या ठेवावयाच्या नाहीत. शिडी आणि बांबू आढ्याखालच्या वाशांना आडवे बांधावयाचे. “खालची जागा सगळ्यांना दिसते, वरची कोणाला दिसत नाही,” असे आजोबा म्हणत. कोयता, विळे, दोरखंड यांना खुंट्या. सुक्या बोंबलांचा डबा शिंक्यावर. शेजारच्या मांजराला हा बेत मुळीच पसंत नव्हता. रोज लागणारी वस्तू दाराशी आणि वर्षातून एकदा लागणारी मागे. मधोमध मात्र एक माणूस आत जाऊन वळू शकेल एवढी वाट मोकळी राहिलीच पाहिजे. नात एकदा त्या वाटेवर गोवऱ्या रचावयास निघाली, तेव्हा आजोबांनी तिला मागच्या कोपऱ्यातील घमेले आणावयास सांगितले. ते आणताना तिची जी तारांबळ उडाली, तिने वेगळे काही सांगण्याची गरज उरली नाही.

एका वर्षी मात्र या हिशेबात एक अनपेक्षित वस्तू आली.

आजीचे धाकटे भाऊ तरुणपणी मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. तो लांबला आणि पुढे अनेक गिरण्या कायमच्या थंडावल्या. २०१६ साली गिरणी कामगारांसाठी कोन येथील घरांची सोडत निघाली, तीत त्यांचे नाव लागले. ताबा मिळण्यास पुढे काही वर्षे गेली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून केलेले ते घर ३२० चौरस फुटांचे. त्यात मुलगा, सून, नातवंडे आली, आणि एक पत्र्याची ट्रंक दाराबाहेर राहिली.

“भाऊजी, पावसाळाभर ठेवता का?” मामाआजोबांनी संकोचत विचारले. ट्रंकेत गिरणीतला एक धोटा, हजेरीचा पितळी बिल्ला आणि जुने कागद होते.

नातीने सुतळीने ट्रंक मोजली, मग खोपीतला एकेक कोपरा मोजला. ट्रंक बसेल अशी जागा एकच होती, आणि तेथे आजोबांचा लाकडी नांगर उभा होता. शेतात पॉवर टिलर आल्यापासून तो जमिनीला लागला नव्हता; इसाड लांब आणि मध्येच वाकलेले, त्यामुळे वाशांवरही बसेना. आजोबांनी स्वतःच घातलेला नियम त्या वस्तूला तेवढा त्यांनी इतकी वर्षे लावला नव्हता! नातीला हे ठाऊक होते. ती सुतळी गुंडाळीत उभी राहिली आणि काहीच बोलली नाही.

आजोबाही त्या संध्याकाळी फारसे बोलले नाहीत. सकाळी पाहावे तो नांगर बाहेर, खोपीच्या वळचणीखाली, दोन खुंट्यांना आडवा बांधलेला. फाळ काढून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून त्यांनी तो आत फळीखाली सरकवला होता. कोपरा झाडून तेथे दोन विटा मांडल्या होत्या. ट्रंक त्यांवर नेमकी बसली.

जून उजाडला आणि एका रात्री पहिली मोठी सर आली. पत्र्यांवर पाणी ताशासारखे वाजू लागले. नातीला जाग आली, तेव्हा आजोबा डोक्यावर इरले घेऊन, हाती विजेरी धरून परसात निघाले होते. बऱ्याच वेळाने ते परतले. पाय पुसता पुसता आजीला म्हणाले, “तुझ्या भावाची ट्रंक कोरडी आहे.”

नांगराविषयी त्यांनी काही सांगितले नाही, आणि आजीनेही विचारले नाही.