गोदावरी वळते तिथे

द्वारकेला राहणाऱ्या माणसाला गर्दीचे कौतुक उरत नाही. आग्रा रोड आणि पुणे रोड इथे भिडतात, आणि दोहोंच्या धुराळ्यातून थोडे चालून गेले की आमची गंगा, म्हणजे गोदावरी. आईला मात्र ही नदी निरोप्यासारखी वाटते. कारण धाकटी बहीण हिच्याच काठी, पार सिरोंच्याला, दिलेली.

४ डिसेंबर २०२४ ला सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, मांडणीवरची भांडी वाजली रे!" तेलंगणात मुलुगूला ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. आईने एवढेच विचारले, "तिकडची जमीन खचते की काय?"

भूगोल काही माझा विषय नव्हे. तरी पुस्तके काढून बसलो. पाहतो तो आईने नेमका शास्त्राचाच शब्द वापरलेला! त्या भूमीला खचदरीच म्हणतात.

दरी पाण्याने कोरली जाते, असे आपण मुलांना शिकवतो. नाशकात ते खरे आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या कातळातून गंगेने वाट काढली. सिरोंच्याला मात्र दरी आधीची. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपण, आफ्रिका, अंटार्क्टिका एकाच भूखंडात होतो, तेव्हा तिथले कवच दोन्ही अंगांनी ताणले गेले. खोलवरचा ऊन खडक सावकाश पसरतो. वरचा कडक, तो तडकतो. जुन्या वाड्याच्या कमानीचे खांब जरा फाकले की मधला दगड खाली उतरतो ना, तसा दोन तिरप्या भेगांमधला पट्टा खाली बसतो. मंगळावरची चार हजार किलोमीटर लांबीची व्हॅलेस मरिनेरिस दरी, तिच्याही मुळाशी असाच ताण आहे म्हणतात.

हे एका रात्रीत झाले नाही. तळ कोट्यवधी वर्षे उतरत गेला आणि नद्या वाळू, चिखल, पाला आणून तो भरत राहिल्या. त्या पाल्याचा चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा झाला. वरच्या थरांत प्रचंड प्राण्यांची हाडे राहिली. नदीपलीकडे सापडलेला बारापासॉरस आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. (आकडेमोड करणाऱ्यांच्या घरी हा पाहुणा कसा शोभतो, ते एकदा पाहायचे आहे.) आणि प्राणहितेला भेटून गोदावरी आग्नेयेला वळते, तीही याच जुन्या दरीच्या अंगाने.

आईला सगळे सांगितले. दरी म्हातारी आहे, बहुधा निजलेलीच असते, पण कूस बदलते. १९६९ साली भद्राचलमला बदलली होती, हेही लपवले नाही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते असू दे. पोरीचे घर पक्के आहे का?"

घर विटामातीचे. तिथला गवंडी म्हणतो, दारांच्या डोक्यावरून चारी भिंतींना लोखंडी जाळीचा पट्टा बांधून वर सिमेंट मारता येईल. या भाऊबीजेला ओवाळणीत साडी नाही. गवंड्याची मजुरी घातली आहे. बहीण रुसली आहे. आई पट्ट्याची रुंदी विचारते आहे.