रुसव्याचं अंतर ६५५ किलोमीटर

कोल्हापुरातून तिरुपतीला विमान? मे २०१९ मध्ये इंडिगोने ते सुरू केलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसली आमची आजी. ‘आणि खिडकी उघडत न्हाई म्हणं त्याची!’

आजी आणि आजोबा दरवर्षी हरिप्रिया एक्स्प्रेसने बालाजीला जायचे. मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल, कडप्पा... जवळपास एकवीस तास. आजोबा गेले, आजीचे गुडघेही गेले आणि वारी बंद पडली. माझं मास कॉम तेव्हा नुकतंच संपलं होतं. पहिल्या पगारातून मी दोन तिकिटं काढली. आजी म्हणाली, ‘येतो की मग!’ (हो, आमच्याकडे बायकासुद्धा ‘येतो’च म्हणतात.)

आता थोडं गणित. उजळाईवाडी ते रेणिगुंटा हे सरळ रेषेत साधारण ६५५ किलोमीटर. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं. म्हणजे चढणं-उतरणं धरून दीड तासाचा मामला. अशीच छोटी विमानं का? कारण तेव्हा आपली धावपट्टी होती जेमतेम १३७० मीटर. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात आहे!

तसा हा विमानतळ काही कालचा नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये तो सुरू झाला. पण इथे विमानं पाहुण्यांसारखी येतात आणि जातात. किंगफिशर गेल्यावर २०१८ मध्ये ‘उडान’ योजना येईपर्यंत कोल्हापूरकर आकाशाकडे बघतच बसले होते. म्हणून आज मिळतंय ते तिकीट उद्यावर टाकायचं नाही, हा माझा हिशेब.

विमान वर गेलं आणि आजीने नेहमीची गोष्ट सुरू केली. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसली आणि थेट करवीरला येऊन राहिली. विष्णू मागोमाग निघाला, तो वेंकटेश होऊन डोंगरावरच थांबला. अंबाबाई ही विष्णुपत्नी नव्हे, आदिशक्ती आहे, असं ठामपणे सांगणारेही कोल्हापुरात भरपूर आहेत. पण नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, हे दोघांनाही मान्य! गाडीत ही गोष्ट मिरजेला सुरू व्हायची आणि हुबळीला संपायची, मध्येमध्ये आजोबांच्या दुरुस्त्यांसकट. विमानात पद्मावतीचं लग्न लागायच्या आतच पट्टे बांधायची घोषणा झाली.

आजी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘एवढंच लांब हुतं व्हय गं?’

दर्शन छान झालं. परतीचं विमानाचं तिकीट मात्र मी काढूनही वाया गेलं. ‘हरिप्रियानं जाऊया, खालचा बर्थ बघ,’ आजीचा हुकूम! गुडघ्यांना तेल चोळत, हुबळीला चहा पीत तिने गोष्ट पुरी केली. आजोबांच्या दुरुस्त्याही तिनेच घातल्या.

पुढे धावपट्टी १९३० मीटरची झाली, मार्च २०२४ मध्ये नवं टर्मिनलही आलं. तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी वेळापत्रक तपासा, इथे ते बदलत राहतं. आणि बरोबर आजी असेल, तर एका बाजूचं तिकीट तरी रेल्वेचं काढा.