यादी कुणाच्या कपाटात?

प्रिय बाळ्या,

रविवारी फोनवर तू विचारलंस, पुतण्याच्या युनियनच्या निवडणुकीचं काय झालं. मी म्हटलं, लिहून कळवतो. फोनवर सांगत बसलो असतो तर पिट्सबर्गला तुझी झोप आणि पामला माझं जेवण, दोन्हींचं खोबरं झालं असतं.

पुतण्याचं पॅनेल पडलं. पडल्याचं दुःख नाही, कुणीतरी पडणारच. पण मतदानाच्या आदल्या संध्याकाळी गेटवर नवी मतदारयादी लागली आणि तीत रात्रपाळीच्या बऱ्याच पोरांची नावंच नव्हती. कारण काय, तर वर्गणी थकली. पोरं म्हणतात, पैसे दिले, पावती मिळाली नाही. पावतीपुस्तकं जुन्या सेक्रेटरीच्या कपाटात, आणि निवडणूक अधिकारी म्हणून बसलेला गृहस्थ त्याच सेक्रेटरीचा साडू. (आता पाम, कुंभवली, कोलवड्यात कोण कुणाचा साडू नाही, ते सोड.) कंपनीचं नाव लिहीत नाही. एमआयडीसी केवढीशी, तू ओळखशीलच.

मतमोजणी मात्र एकदम चोख झाली बरं का! दोन्ही बाजूंची माणसं समोर बसवून, एकेक चिठ्ठी दाखवून. मला वाटतं, युनियनच्या निवडणुकीतली लबाडी पेटीपर्यंत येतच नाही. ती यादीतच उरकलेली असते.

पोरं तावात होती. कुणी म्हणे गेट बंद करू, कुणी म्हणे आमदारांकडे जाऊ. मी म्हटलं, आधी कागद बघा. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा सांगायचा की पदाधिकारी कसे नेमायचे ते तुमच्या घटनेत लिहा. पण भांडण झालं तर ते सोडवायचं कुणी, यावर तो गप्प. महाराष्ट्राने १९६८ च्या दुरुस्तीने त्यात २८-१अ कलम घातलं. सहा महिने सभासद असलेल्या कुणालाही रजिस्ट्रारच्या संमतीने इंडस्ट्रियल कोर्टात जाता येऊ लागलं. अमका खरंच पदाधिकारी आहे का, तमका खरंच सभासद आहे का, हे कोर्ट ठरवणार. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम २२ मध्ये पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद स्पष्ट शब्दांत आहे आणि तो न्यायाधिकरणाकडे जातो. कागदावर वाट सरळ झाली. चालायला किती वर्षं लागतात ते बघायचं.

तुला परळच्या मामांची आठवण येईल म्हणून लिहितो. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, ते पगारासाठी हे खरंच. पण दुसरी मागणी होती १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स (बीआयआर) कायदा रद्द करण्याची. त्या कायद्यात एखाद्या भागातल्या त्या धंद्याचे २५ टक्के कामगार ज्या युनियनच्या दप्तरात सभासद, ती 'प्रातिनिधिक'. मालकाने बोलायचं ते फक्त तिच्याशी. मुंबईच्या गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. रस्त्यावर लाखो माणसं सामंतांची, आणि वाटाघाटीच्या खुर्चीवर संघ. गुप्त मतदान घ्या आणि सोक्षमोक्ष लावा, असं किती लोक म्हणत होते! नाही घेतलं. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही, गिरण्या मात्र संपल्या. सगळा दोष त्या एका कायद्याला देणं मलाही पटत नाही, मालकांना जमिनीचा भाव दिसू लागला होता. पण मामांना आयुष्यात एकदाही कुणी विचारलं नाही की बाबा, तुझा नेता कोण.

आपल्याकडच्या केमिकल आणि इंजिनिअरिंग कंपन्यांना आजवर १९७१ चा मान्यतेचा कायदा. तिथेही तेच. सहा महिने ३० टक्के सभासद दाखवा, अधिकारी येऊन पावत्या आणि रजिस्टर तपासणार. मतपेटी नाही. म्हणून तर पावतीपुस्तकाला आपल्याकडे देव्हाऱ्यातल्या पोथीसारखं जपतात. गुप्त मतदान जमत नाही म्हणावं, तर अन्न महामंडळाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये त्याची पद्धत आखून दिली. रेल्वेत ४ ते ६ डिसेंबर २०२४ ला मान्यतेसाठी देशभर मतदान झालंच की.

आणि तुमच्याकडची गोष्ट तुला ठाऊक आहे का? पिट्सबर्गच्या दक्षिणेला क्लार्क्सव्हिल म्हणून गाव आहे. जॉक याब्लोन्स्की तिथला. १९६९ मध्ये तो खाण कामगारांच्या युनियनमध्ये अध्यक्ष टोनी बॉइलविरुद्ध उभा राहिला. प्रचार चालू असतानाच सरकारकडे तक्रारी करत होता. श्रम खात्याने मतदानाआधी हात घालायला नकार दिला. तो हरला, आणि ३१ डिसेंबरला त्याचा, त्याच्या बायकोचा आणि मुलीचा घरात खून झाला. मग जाग आली. १९७२ मध्ये कोर्टाने ती निवडणूक रद्द केली, सरकारी देखरेखीत पुन्हा मतदान झालं आणि बॉइल पडला. पुढे खुनाच्या कटात तो दोषीही ठरला.

"आधी होऊ दे, मग बघू" हे तिथलंही उत्तर, इथलंही. आपल्या ग्रामपंचायतीची प्रारूप यादी आधी लागते, हरकती घेतात, मगच ती अंतिम होते. सरपंच निवडायला जे चालतं ते सेक्रेटरी निवडायला का नको? यादी दोन आठवडे आधी लावा, पावतीची एक प्रत सभासदाच्या हातात द्या, अधिकारी बाहेरचा आणा. निम्मी भांडणं जन्मालाच येणार नाहीत.

कंत्राटी पोरांचं तर वेगळंच. तीच यंत्रं, तोच वास, पण मस्टर ठेकेदाराचं. नवी संहिता वाटाघाटीच्या मानासाठी कंपनीच्या मस्टरवरचे ५१ टक्के मागते. हे त्यात कुठे बसतात? पुतण्याचं पॅनेलही त्यांच्याबद्दल अवाक्षर बोललं नाही, आणि यावरून माझं त्याच्याशी वाजलंय.

आता कामाचं. न्यायाधिकरणाकडे करायच्या अर्जाला युनियनची मूळ घटना जोडायची आहे. कपाटाची किल्ली अर्थातच मिळत नाहीये. रजिस्ट्रारकडे नक्कल मागितली आहे, पण ती येईल तेव्हा येईल. तू कमिटीवर होतास तेव्हाची सायक्लोस्टाइल प्रत जपून ठेवली होतीस ना? वहिनींना विचार, बोईसरच्या घरातल्या कुठल्या पेटीत असेल. निवडणुकीचं कलम असलेलं पान सापडलं तरी पुरे. त्या घराची किल्ली तुझ्या भावाकडे आहे ना, त्याला फोन करून ठेव, मी शनिवारी जाऊन येतो.

तुझा,
वश्या