दाताच्या डॉक्टरांची मान

"अरे, मान फार दुखतेय, एखादी गोळी सांग ना." माझा एक दंतवैद्य मित्र वर्षभर अधूनमधून असा फोन करायचा आणि मीही वेदनाशामक गोळीचं नाव सांगून मोकळा व्हायचो. एकदाही तपासायला बोलावलं नाही. ही चूक माझीच.

एक दिवस तो स्वतःच दवाखान्यात आला. कळ आता खांद्यातून उजव्या अंगठ्यापर्यंत जात होती आणि काम करताना हातातलं अवजार निसटलं होतं. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबली गेल्याचं दिसलं.

तेव्हा मला माझं रूट कॅनाल आठवलं. खुर्ची मागे नेली की मला गुदमरल्यासारखं व्हायचं, म्हणून "अर्धीच ठेव" असा माझा हट्ट. वरची दाढ दिसावी म्हणून तो बिचारा तासभर वाकून, मान वळवून काम करत होता.

आपल्या डोक्याचं वजन साधारण 5 किलो असतं. मान पुढे झुकली की मानेच्या मागच्या स्नायूंवरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. त्यातच स्नायू बराच वेळ एकाच स्थितीत आवळलेला राहिला, तर त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो दुखू लागतो. म्हणून ओझं न उचलताही दंतवैद्यांची मान, खांदे, कंबर धरते. बारीक अवजार चिमटीत घट्ट धरल्यामुळे मनगट आणि अंगठाही दुखतो.

औषधं, विश्रांती आणि फिजिओथेरपीने मित्र बरा झाला. शस्त्रक्रिया लागली नाही. आता तो स्टूलची उंची नीट लावतो, भिंगाचा चष्मा वापरतो आणि दोन पेशंटच्या मध्ये उठून मान-खांदे मोकळे करतो.

तुमचं काम कोणतंही असो, मानेची कळ हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर फोनवर गोळी विचारू नका, तपासून घ्या. चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि दाताच्या डॉक्टरांनी खुर्ची मागे केली तर होऊ द्या. दम लागत असेल किंवा गरोदर असाल, तर मात्र आधीच सांगा.

परवा पुन्हा मित्राच्या खुर्चीत बसलो. म्हटलं, "कर पूर्ण आडवी." तो हसला. पाच मिनिटांत मला सवयही झाली.